फोर बाय फोर घेण्यापूर्वी लिटरचा हिशेब

पुणे, प्रतिनिधी

परीक्षा आटोपल्या, पावसाचे ढग किनाऱ्याकडे सरकू लागले, की पुण्या-मुंबईतल्या आणि नाशिक-नागपुरातल्या अनेक घरांत एकाच सहलीची चर्चा सुरू होते. स्वतःची गाडी घेऊन लडाखला जायचे. एके काळी हा बेत मोजक्या धाडसी मंडळींपुरता मर्यादित होता. रोहतांगखालचा ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झाला, मनाली ते लेह हे अंतर ४६ किलोमीटरने घटले आणि मधल्या काळात महामार्गही रुंदावले. त्यामुळे आता सोसायटीच्या पार्किंगमध्ये दर उन्हाळ्यात एखादी तरी गाडी कॅरिअरवर ताडपत्री बांधून उत्तरेकडे निघालेली दिसते.

या बेताच्या मागोमाग घरात दुसरा विषय शिरतो, तो नव्या गाडीचा. गाडी घ्यायचीच तर डिझेलवर चालणारी आणि चारही चाकांना ओढ देणारी, म्हणजे बोलीभाषेत 'फोर बाय फोर' घ्यावी, असे मित्रमंडळी सांगतात. शोरूममध्ये गेल्यावर मात्र मराठी ग्राहकाचा पहिला प्रश्न अजूनही तोच असतो, ''अ‍ॅव्हरेज किती देते?'' समोरचा तरुण क्षणाचाही विलंब न लावता सांगतो, ''हायवेला सोळा कुठे गेले नाहीत!'' त्या सोळाच्या भरवशावर वीस-पंचवीस लाखांचा व्यवहार होतो.

महाराष्ट्रातून लेहला जाऊन, आसपास फिरून परत यायचे तर सहा हजार किलोमीटरच्या आसपास धाव होते. लिटरला सोळा किलोमीटर पडले तर ३७५ लिटर डिझेल लागेल. प्रत्यक्षात दहाच पडले, तर ६०० लिटर. डिझेल ९० रुपये लिटर धरले, तर फरक वीस हजार रुपयांचा. गाडीच्या किमतीपुढे ही रक्कम किरकोळ वाटेल. पण हिमाचलातल्या तांदी येथील पंपावर 'पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर' अशी पाटी वर्षानुवर्षे प्रवाशांना सावध करत आली आहे. त्या पाटीखाली उभे असताना लिटरमागचे खरे किलोमीटर ठाऊक नसतील, तर मात्र तो प्रश्न केवळ पैशांचा राहत नाही.

कागदावरचा आकडा

कंपन्या जाहीर करतात तो इंधनक्षमतेचा आकडा खोटा नसतो. तो वेगळ्या परिस्थितीतला असतो. पुण्याच्या 'एआरएआय'सारख्या मान्यताप्राप्त संस्थेत गाडी रुळांवर, म्हणजे फिरत्या दंडगोलांवर उभी करून ठराविक क्रमाने पळवली जाते. 'सुधारित भारतीय ड्रायव्हिंग सायकल' या नावाने ओळखली जाणारी ही चाचणी जेमतेम वीस मिनिटांची. त्यात गाडी अकरा किलोमीटरही धावत नाही आणि वेग ताशी ९० किलोमीटरच्या वर जात नाही. समोरून वारा नाही, चढ नाही, मागच्या आसनावर तीन माणसे नाहीत, डिकीत तंबू नाही.

दोन गाड्यांची परस्परांशी तुलना करायला हा आकडा उपयोगी पडतो. सहलीचे अंदाजपत्रक मांडायला त्याचा उपयोग नाही. दोन टनांच्या घरातली डिझेल फोर बाय फोर महामार्गावर माणसांनी आणि सामानाने भरून निघाली, की लिटरला साधारण दहा ते तेरा किलोमीटर देते, हा अनेक मालकांचा अनुभव आहे. हिशेब करताना खालचा आकडा धरावा.

ताशी १२० ची किंमत

डिझेलच्या खर्चाचा सर्वांत मोठा वाटेकरी गाडीचे इंजिन नसून चालकाचा उजवा पाय असतो. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ९० वरून १२० वर गेले, की वेग एकतृतीयांशाने वाढतो. हवेचा रेटा मात्र पावणेदोन पटींहून अधिक होतो. लांबट, झुकत्या काचेच्या सेडानला हे थोडे कमी जाणवते. फोर बाय फोर गाड्यांची घडण मुळातच उभी आणि चौकोनी. थार किंवा गुरखा यांची समोरची काच पाहिली, तरी वाऱ्याशी त्यांचे काय नाते असेल याची कल्पना येते.

मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गाचेच उदाहरण घेऊ. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता ५ जून २०२५ रोजी पूर्ण लांबीने खुला झाला आणि मोटारींना तेथे ताशी १२० ची वेगमर्यादा आहे. एखादी गाडी ९० च्या वेगाला लिटरमागे साडेतेरा आणि १२० ला दहा किलोमीटर देते असे समजा; अशा घडणीच्या गाड्यांत एवढी घट अजिबात अस्वाभाविक नाही. सातशे किलोमीटरला पहिल्या वेगाने ५२ लिटर लागतील, दुसऱ्या वेगाने ७०. अठरा लिटरचे सोळाशे रुपये मोजून आपण दोन तास विकत घेतले. ज्याला दोन तास महाग वाटतात त्याने ते जरूर घ्यावेत. परंतु परतल्यावर ''कंपनीने फसवले'' असे म्हणू नये.

टपावरचे ओझे

लडाखला निघालेल्या गाडीची ओळख म्हणजे टपावरचा कॅरिअर. त्यावर बॅगा, दोन कॅन, जादा स्टेपनी आणि हल्ली दिव्यांची एक लांबलचक पट्टी. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने टपावरच्या मोठ्या पेटीमुळे होणारी इंधनक्षमतेतील घट मोजून दिली आहे. शहरात २ ते ८ टक्के, महामार्गावर ६ ते १७ टक्के आणि ताशी १०५ ते १२० किलोमीटरच्या टप्प्यात १० ते २५ टक्के. आपल्याकडचा उघडा कॅरिअर आणि त्यावर फडफडणारी ताडपत्री वाऱ्याशी यापेक्षा अधिक सभ्यपणे वागत असेल, असे मानायला कारण नाही. शिवाय वजन वर गेले, की घाटातल्या वळणावर गाडी झुकते ती वेगळीच. सामान डिकीत मावत नसेल, तर आधी सामान कमी करावे. हा सल्ला कुणीही ऐकत नाही, ही गोष्ट अलाहिदा.

टायरचा मुद्दा याहून फसवा आहे. गाडी घेतल्याबरोबर मूळ टायर काढून जाड नक्षीचे 'ऑल टेरेन' किंवा थेट 'मड टेरेन' टायर चढवण्याची हौस अनेकांना असते. असे टायर जड असतात, रस्त्यावर अधिक घासतात, आवाज करतात आणि डिझेल खातात. त्यातच ते आकाराने मोठे घेतले, तर किलोमीटर मोजणारे यंत्रही चुकते. २४५/७५ आर १६ मापाच्या टायरच्या जागी २६५/७५ आर १६ टाकला, तर चाकाचा व्यास सुमारे चार टक्क्यांनी वाढतो. गाडी १०४ किलोमीटर जाते आणि काटा १०० दाखवतो. स्पीडोमीटरही मूळच्या मानाने कमी वेग दाखवू लागतो. मालकाला वाटते, अ‍ॅव्हरेज एकदम पडले. ते पडलेले असते, पण दिसते तितके नव्हे.

सहलीत डांबरी रस्ता नव्वद टक्क्यांहून अधिक असेल, तर मूळ मापातले मध्यम नक्षीचे ऑल टेरेन टायर पुरे. मड टेरेन टायर चिखलासाठी असतात, महामार्गासाठी नव्हे. काँक्रीटच्या तापलेल्या रस्त्यावर सलग वेगाने धावायचे तर टायरचा वेगदर्जा, वय आणि हवेचा दाब या तिन्ही गोष्टी जिवाशी निगडित आहेत. डिझेलची बचत त्यानंतर.

चार चाकांचे गणित

'फोर बाय फोर' या एका शब्दाखाली दोन वेगळ्या यंत्रणा विकल्या जातात आणि ग्राहकाची खरी दिशाभूल येथे होते.

पहिली पारंपरिक. महिंद्रा थार, थार रॉक्स, स्कॉर्पिओ-एन, टोयोटा फॉर्च्युनर, फोर्स गुरखा या गाड्यांच्या फोर बाय फोर आवृत्त्या या घराण्यातल्या. एरवी गाडी मागच्या दोन चाकांवर पळते. लिव्हर ओढला किंवा बटण फिरवले, की 'ट्रान्सफर केस' नावाची पेटी पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल एकमेकांना घट्ट जोडते. यातच 'लो रेंज' नावाचा जादा खालचा टप्पा मिळतो. त्यात गाडी मुंगीच्या पावलाने, पण प्रचंड जोराने चढते किंवा उतरते.

हे घट्ट जोडलेले असणे हीच या यंत्रणेची ताकद आणि हीच अडचण. वळणावर पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा अधिक अंतर कापतात. चिखलात, वाळूत किंवा बर्फात चाक थोडे घसरते आणि हा फरक जिरून जातो. कोरड्या डांबरावर चाक घसरत नाही. मग तो ताण शाफ्ट आणि गिअरमध्ये साठत जातो. स्टिअरिंग जड होते, टायर झिजतात, डिझेल जळते आणि शेवटी यंत्रणेतले काहीतरी तुटते. नवी गाडी घेतलेले काही हौशी वाहनचालक 'पावसात ग्रिप चांगली राहते' म्हणून द्रुतगती मार्गावरही फोर बाय फोर लावून ठेवतात. पाऊस थांबून रस्ता वाळला, की तो लिव्हर आठवणीने परत ढकलायला हवा.

दुसरी यंत्रणा मोटारीसारख्या घडणीच्या गाड्यांतली. जीप कंपासच्या फोर बाय फोर आवृत्त्या किंवा २०२१ मध्ये आलेल्या महिंद्रा एक्सयूव्ही७०० ची ऑल व्हील ड्राइव्ह आवृत्ती ही त्याची उदाहरणे. येथे गाडी मुख्यतः पुढच्या चाकांवर चालते आणि चाक घसरू लागल्याचे संगणकाला कळले, की मागच्या चाकांकडे ओढ पाठवली जाते. चालकाला काही करावे लागत नाही, कोरड्या रस्त्यावरही धोका नाही. मात्र एक्सयूव्ही७०० सारख्या गाडीत लो रेंजचा टप्पा नाही. ओल्या घाटात आणि हलक्या बर्फात ती सुखाने जाईल. दगडगोट्यांच्या उभ्या चढावर तिच्याकडून फार अपेक्षा करू नये.

कोणतीही यंत्रणा असो, ती वापरात नसतानाही डिझेल घेते. ट्रान्सफर केस, जादा शाफ्ट, पुढचा डिफरेन्शियल यांचे वजन सतत वाहावे लागते आणि अनेक गाड्यांत यातले काही भाग रिकामे का होईना, फिरत राहतात. त्याच गाडीच्या दोन चाकांच्या आवृत्तीशी तुलना केली, तर लिटरमागे साधारण अर्धा ते एक किलोमीटर येथे जातो.

मग प्रश्न असा, की सहा हजार किलोमीटरच्या सहलीत चार चाकांची ओढ लागते कुठे? जुलै ते सप्टेंबर या काळात मनाली-लेह किंवा श्रीनगर-लेह या मुख्य मार्गांवर बहुतेक ठिकाणी ती लागत नाही. सीमा सडक संघटनेने हे रस्ते बऱ्याच अंशी डांबरी राखले आहेत आणि दरवर्षी साध्या मोटारी आणि दुचाकी तेथून जातात. दुपारी वितळलेल्या बर्फाचे पाणी रस्त्यावर वाहू लागते, दरड कोसळून चिखल होतो, तेथे जमिनीपासूनची उंची आणि चालकाचा धीर बहुतेक वेळा पुरतो. हंगाम सुरू होताना बारालाचा खिंडीत रस्त्यावर बर्फ असेल, स्पीतीत ग्राम्फू-बाताल-चंद्रताल या दगडी वाटेने जायचे असेल किंवा झंस्करच्या आतल्या रस्त्यांवर उतरायचे असेल, तर मात्र फोर बाय फोर आणि लो रेंज यांची किंमत त्या एका दिवसात वसूल होते. गाडी रुतल्यावर टोचन लावायला दुसरी गाडी यायला तेथे अर्धा दिवस लागू शकतो.

एक गैरसमज येथेच दूर केलेला बरा. चार चाकांची ओढ गाडीला पुढे नेते, थांबवत नाही. बर्फावर ब्रेक मारल्यावर फोर बाय फोर गाडी इतर गाड्यांइतकीच घसरते. किंबहुना वजनामुळे तिला आवरणे अधिक कठीण.

डिझेलच का?

मारुतीसारख्या कंपनीने एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ निकष लागू होताना डिझेल सोडून दिले. मोठ्या फोर बाय फोर गाड्यांत मात्र डिझेल टिकून आहे. स्कॉर्पिओ-एन आणि थार रॉक्स यांची फोर बाय फोर आवृत्ती तर केवळ डिझेलमध्येच आली. लिटरभर डिझेलमध्ये लिटरभर पेट्रोलपेक्षा दहा टक्क्यांहून अधिक ऊर्जा असते आणि डिझेल इंजिन त्या ऊर्जेचा वापरही अधिक काटकसरीने करते. कमी फेऱ्यांवर मिळणारा जोर हा तिसरा फायदा. जड गाडी चढावर न्यायची तर त्याला पर्याय नाही.

तरीही प्रत्येकाने डिझेल घ्यावे असे नाही. पेट्रोल आणि डिझेल आवृत्तीत दीड लाखाचा फरक आहे, पेट्रोल गाडी ९ आणि डिझेल गाडी १३ किलोमीटर देते, पेट्रोल १०४ आणि डिझेल ९० रुपये लिटर आहे, असे गृहीत धरू. पेट्रोलचा किलोमीटरमागे खर्च साडेअकरा रुपये, डिझेलचा सात रुपयांना किंचित कमी. दीड लाख भरून निघायला सुमारे ३२ हजार किलोमीटर लागतात. महाराष्ट्रात वैयक्तिक डिझेल गाडीवरचा एकरकमी वाहन कर पेट्रोल गाडीपेक्षा दोन टक्के अधिक आहे. वीस लाखांच्या गाडीवर तो फरक चाळीस हजारांचा. तोही धरला, तर ही मजल ४१ हजार किलोमीटरवर जाते. वर्षाला पंधरा हजार किलोमीटर फिरणाऱ्याला हा सौदा तिसऱ्या वर्षी फळतो. सहा हजार फिरणाऱ्याला सात वर्षे थांबावे लागेल.

शहरातल्या मालकासाठी आणखी एक अडचण आहे. बीएस-६ डिझेल गाड्यांच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारी गाळणी असते. ती स्वच्छ व्हायची तर गाडी काही वेळ सलग, तापलेल्या अवस्थेत धावावी लागते. कोथरूडहून शिवाजीनगरपर्यंत रोज सहा किलोमीटर रडतखडत जाणाऱ्या गाडीला ही संधी मिळत नाही. गाळणी तुंबते, डॅशबोर्डवर दिवा लागतो, गाडीचा जोर कमी होतो. लांब पल्ल्यावर हीच गाडी तक्रार करत नाही. म्हणून ज्यांचा सारा वापर शहरात आहे आणि लडाखला आयुष्यात एकदाच जायचे आहे, त्यांनी डिझेल फोर बाय फोर घेऊच नये, असे या प्रतिनिधीचे स्पष्ट मत आहे. विमानाने लेहला उतरावे आणि स्थानिक टॅक्सी करावी. बाहेरून भाड्याने नेलेल्या, स्वतः चालवायच्या गाड्यांना तेथील टॅक्सी संघटनांचा विरोध असतो. तो मार्ग टाळावा.

दोन चाकांची डिझेल गाडी घेण्याचा मोह करनियमांनीही वाढवला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १५०० घनसेंटिमीटरपर्यंतच्या डिझेल गाड्यांना १८ टक्के जीएसटी लागतो, त्याहून मोठ्यांना ४० टक्के. तीन दारांची थार चार मीटरच्या आत बसते. तिचे दीड लिटरचे डिझेल इंजिन १८ टक्क्यांत येते, पण ते फक्त दोन चाकांच्या ओढीसह मिळत आले आहे. फोर बाय फोर हवी, तर २.२ लिटरचे इंजिन आणि ४० टक्के.

उंचीवरची टाकी

लेहच्या वाटेवरच्या तांगलांग ला खिंडीची उंची ५,३२८ मीटर. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. माणसाला धाप लागते तशी इंजिनालाही. टर्बोचार्जर हवा दाबून आत ढकलतो म्हणून आजचे डिझेल इंजिन तेथेही काम करते. मात्र कमी फेऱ्यांवर, टर्बो जागा होण्यापूर्वी, गाडी अगदी निर्जीव वाटते. अवघड वळणावर पहिल्या गिअरमध्येही ती मान टाकते. वळणाचा रस्ता कच्चा असेल, तर अशा वेळी लो रेंज लावल्यास इंजिन मोकळेपणाने फिरते आणि क्लच वाचतो.

चढाला लागणारे डिझेल मोजताही येते. माणसे आणि सामान धरून गाडीचे वजन २,४०० किलो असेल, तर ती एक हजार मीटर वर न्यायला सुमारे दोन लिटर डिझेल जादा जाते. तांदी ते लेह या प्रवासात रस्ता अनेकदा वर-खाली होतो आणि चढांची बेरीज साडेतीन हजार मीटरच्या वर जाते. म्हणजे सपाटीवरच्या हिशेबापेक्षा किमान सात लिटर अधिक. उतारावर यातले काही परत मिळते, पण एका अटीवर. गाडी गिअरमध्ये असावी. डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल टाकण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. आजच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून पाय उचलला, की इंधनाचा पुरवठा थांबतो. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवण्यासाठी तो सुरूच राहतो. म्हणजे न्यूट्रलमध्ये डिझेल तर वाचत नाहीच, शिवाय सारा भार ब्रेकवर येऊन ते तापतात.

आता टाकी पाहू. थार, रॉक्स आणि स्कॉर्पिओ-एन यांच्या टाकीत ५७ लिटर मावतात, गुरखाच्या ६३.५, फॉर्च्युनरच्या ८०. सत्तावन्नातले आठ लिटर राखीव ठेवले, तर वापरायला ४९ उरतात. लिटरला नऊ पडले, तर ४४० किलोमीटर जाता येईल. तांदीच्या पाटीवरचे ३६५ किलोमीटर सुखाने पार. टपावर ओझे, जाड टायर आणि वाटेत रस्ता बंद म्हणून दोन तास इंजिन चालू ठेवून हीटर लावला आणि सरासरी साडेसातवर आली, तर हेच अंतर ३६७ किलोमीटर भरते. दोन किलोमीटरची शिल्लक! लेहहून पुढे हानले किंवा पँगाँगकडे जाताना पंप कुठे आहे आणि त्यात डिझेल आहे का, हे लेहमध्येच विचारून घ्यावे. दहा-वीस लिटरचा धातूचा कॅन बरोबर असावा. डिझेल पेट्रोलइतक्या सहजी पेट घेत नाही, हा येथे एक दिलासा. तरी तो कॅन बसण्याच्या जागेत ठेवू नये.

हिवाळ्यात जाणाऱ्यांनी थंडीचाही विचार करावा. साध्या डिझेलमधले मेणासारखे घटक थंडीत गोठतात आणि फिल्टर तुंबतो. इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी खास हिवाळी डिझेल आणले, ते उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहते. महाराष्ट्रातून भरून नेलेले डिझेल टाकीत ठेवून तेथे मुक्काम करणे म्हणूनच धोक्याचे. काही गाड्यांत धूर स्वच्छ करण्यासाठी युरियाचे द्रावण वेगळ्या टाकीत भरावे लागते. ते उणे ११ अंशांना गोठते, त्यासाठी गाडीत हीटर असतो. मात्र ते संपले तर अनेक गाड्या पुन्हा सुरूच होत नाहीत. पाच लिटरचा डबा निघतानाच घ्यावा.

मग कोणती?

चौघांचे कुटुंब, नव्वद टक्के महामार्ग आणि अधूनमधून कच्ची वाट, असा वापर असेल तर स्कॉर्पिओ-एनची फोर बाय फोर आवृत्ती किंवा पाच दारांची रॉक्स हा मधला मार्ग वाटतो. २.२ लिटरचे इंजिन, लो रेंज आणि बेताचे डिझेल. तीन दारांची थार दोघांसाठी मजेची आहे. चौघांचे सामान तिच्यात मावत नाही, मग ते टपावर जाते आणि वरचा सारा हिशेब कोलमडतो. पुण्याच्या फोर्स मोटर्सची गुरखा ही यातली सर्वांत कणखर. पुढच्या आणि मागच्या दोन्ही डिफरेन्शियलना लॉक आणि कंपनीनेच बसवलेला उंच श्वासनळ. २०२४ मध्ये आलेली तिची पाच दारांची आवृत्ती मात्र केवळ हातच्या गिअरची आहे आणि महामार्गावर ताशी ८०-९० हाच तिचा स्वभाव. ज्याला तो मानवतो त्याने ती घ्यावी. फॉर्च्युनरला मोठी टाकी आणि देशभर पसरलेली सेवा केंद्रे यांचा आधार आहे; किंमत स्कॉर्पिओच्या दुपटीच्या आसपास. त्या फरकात किती वर्षांचे डिझेल येते, हे ज्याने त्याने मोजावे.

चाचणी फेरीला जाताना दहा मिनिटांच्या चकरीवर समाधान मानू नये. चार माणसे बसवून कात्रज किंवा कसारा घाट चढायला सांगावे. लो रेंज स्वतः लावून, काढून पाहावी. विक्रेत्यालाच ते जमत नसेल तर दुसऱ्या शोरूमला जावे. पूर्ण आकाराची स्टेपनी आहे का, ते वाकून पाहावे. गाडी हाती आल्यावर डॅशबोर्डवरच्या आकड्यावर विसंबू नये. टाकी पहिल्या आपोआप थांबणाऱ्या 'टक'पर्यंत भरावी, काटा शून्यावर आणावा, तीन-चारशे किलोमीटर फिरून शक्यतो त्याच पंपावर पुन्हा तशीच भरावी आणि किलोमीटरला लिटरने भागावे. असे तीनदा करावे, एकदा रिकाम्या गाडीने, एकदा भरलेल्या आणि एकदा भरलेल्या गाडीने घाटात. तिसरा आकडा पाकिटात लिहून ठेवावा, तांदीच्या पंपावर तोच उपयोगी पडतो.